पान एकशे त्रेचाळीस

नेरूळच्या वाचनालयातल्या अलकनंदाताईंनी
स्वतः मांडणीवरून काढून दिलेली कादंबरी.
"रात्रपाळीला बरी. डोक्याला ताप नाही."
खरंच नव्हता.
थंड हवेचं गाव, उतारावर बेकरी,
बेकरी चालवणारी चेटकीण.
तिची नानखटाई खाल्ली की माणसं खरं बोलतात.
मांजरही बोलतं. सगळं बोलतं,
खून कुणी केला तेवढं सोडून.

मेला तो सायमन घड्याळजी,
पान बारावर, मैद्याच्या पोत्यांमागे.
तेराव्या पानावर किटली चढली.

मी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर बसते.
अकरा वर्षं, त्यातली सहा रात्रीची.
मेल्यावर माणसाला किती कागद लागतात
ते मला विचारा.
त्यामुळे असेल, वाचताना मी शोधतच राहिले,
सायमनला ताब्यात कुणी घेतलं?
सही कुणाची?
चष्मा, पाकीट, करगोट्याची किल्ली
कुणी पिशवीत घातली, कुणाच्या हातात दिली?
अवाक्षर नाही.

तो गेला त्या दिवशी गावातली सगळी घड्याळं थांबली होती.
ते मात्र इतकं आवडलं
की मी पानाचा कोपरा दुमडला,
जे मी कधी करत नाही, वाचनालयाच्या पुस्तकाला तर नाहीच.
साठाव्या पानावर चेटकिणीने चुटकी वाजवली.
घड्याळं सुरू.
सगळे म्हणाले, बरं झालं बाई,
आणि वेलचीचा केक कापला.

तरी वाचत होते. सवय.
खुनी तर सत्तराव्या पानावरच कळला होता.
जो फार गोड बोलतो
आणि ज्याच्या मांडीवर मांजर बसत नाही.

एकशे त्रेचाळीसवर होते, पावणेतीन वाजलेले,
तेव्हा करावे गावचा हरेश्वर भोपी काउंटरशी आला.
वडील दीडला गेले होते. बिल भरून झालं होतं.
हातात आमची पांढरी पिशवी.
म्हणाला, "म्याडम, चप्पल येकच हाय."

कॅज्युअल्टीत विचारा, म्हटलं.
विचारलं होतं.
"रविवारीच घेतलेली. बापाला लागत व्हती,
तरी घातली, मी आणली म्हनून."

पुस्तक उपडं टाकून मी उठले.
स्ट्रेचरखाली पाहिलं, व्हीलचेअरींच्या रांगेत,
लिफ्टच्या फटीत मोबाईलचा उजेड पाडून.
अँब्युलन्समध्ये झोपलेल्या मुश्ताकला उठवलं,
त्याने न कुरकुरता सीट उचलून दाखवली.
शहाणपणाचं कुणी काही बोललं नाही.
मंत्र कुणाकडेच नव्हता.

वजनकाट्यामागे होती.
भिंतीला टेकून उभी, डाव्या पायाची,
तळाला किमतीचा स्टिकर तसाच.
हरेश्वरने ती शर्टाच्या टोकाने पुसली,
पिशवीतून दुसरी काढली,
आणि दाराशी ठेवतात तशी जोडी
लादीवर लावून ठेवली.
थोडा वेळ राहू दिली तशीच.
मी उगाच फायली सरळ करत बसले.

सहाला खाडीच्या बाजूने पांढरं व्हायला लागलं.
पुस्तक अजून उपडंच.
उचललं. त्या पानावर
तिसऱ्यांदा चहा होत होता.
मिटलं.

"झालं वाचून? एवढ्यात?" अलकनंदाताई.
झालं नाही, सुटलं.
"मग खुनी कोण?"
असेल कुणीतरी, म्हटलं.
सायमनला मागे कोण होतं, ते लिहिलंय का पुढे?
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं माझ्याकडे,
बोटाला थुंकी लावून दोन-तीन पानं उलटली,
मग शिक्का मारला.

घड्याळं थांबतात त्या पानाचा कोपरा
सरळ करायचा राहिला.
राहू दे.